जांभळ्या कोटाची पाळी

कर्टिस टोलेफसनने जांभळ्या कोटाचं बटण लावून पाहिलं, पोट आत ओढून पुन्हा एकदा पाहिलं आणि शेवटी नाद सोडून दिला. चर्चच्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीतून कुणीतरी उचललेला तो मखमली कोट आजवर कुणालाच नीट बसला नव्हता. बाह्या लांब, खांदे आखूड, आणि कितीही वेळा धुतला तरी डांबरगोळ्यांचा वास जात नसे.

"शोभतोय, सर," डोरीन म्हणाली. "जत्रेत हात बघायला बसा आता."

"आधी तुझाच बघतो. आज तू हरणार असं दिसतंय."

खोलीत हशा पिकला. पॅनकेकच्या हॉटेलची ही मागची खोली. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी इथे दहाबारा माणसं जमत आणि भुताखेतांपासून पाण्याचा झरा शोधणाऱ्या काठीपर्यंत सगळ्याची चिरफाड करत. नॉर्थ डकोटातलं लहानसं गाव ते, तिथे कुणाला नाव ठेवायला वेळ लागत नाही. लोक त्यांना नन्नामंडळ म्हणत. मंडळालाही ते नाव आवडलं होतं.

पण सगळेच नन्नाचा पाढा वाचणारे एकत्र बसले की वाद कसला होणार? एकमेकांना माना डोलवायच्या आणि घरी जायचं. म्हणून हा कोट. दर महिन्याला पाळीपाळीने एकाने तो चढवायचा आणि विरुद्ध बाजू मांडायची, तीही हातचं काही न राखता. शेवटी ज्याची बाजू पटली त्याच्यासाठी सगळ्यांनी चमचे वर करायचे. नियम एकच होता, आणि तो कर्टिसनेच घालून दिला होता. युक्तिवाद हवा तो करा, पण न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगायची नाही. खोटी साक्ष देणाऱ्याने पुढच्या महिन्यात पाळी नसतानाही कोट घालायचा. एका गृहस्थाने कधीच नसलेल्या मावशीचं भूत उभं केलं होतं, त्याला ती शिक्षा भोगावी लागली होती.

कोटाची बाजू कधीच जिंकली नव्हती. कर्टिसच्या मनात ते सलत होतं. गावच्या शाळेत त्याने जन्मभर गणित शिकवलं. औषधाचं दुकान चालवणारी, मंडळाची अध्यक्ष असलेली डोरीन फिस्कसुद्धा त्याच्याच हाताखालून गेलेली. मनावर घेतलं तर दोन आणि दोन पाच हेही आपण अर्धा तास पटवून देऊ शकू, अशी त्याची स्वतःबद्दल खात्री होती, आणि ती खात्री त्याला फार प्रिय होती.

आजचा विषय होता विमान अपघाताची आधीच लागलेली चाहूल. आणि जिला ती लागली होती ती बाई आज पहिल्यांदाच मंडळात येऊन बसली होती.

मार्लिस ओस्बी दाराजवळच्या खुर्चीवर होती. हिवाळी कोट तिने मांडीवर घडी घालून ठेवला होता. तिने आणलेलं लिंबाच्या वड्यांचं पसरट भांडं टेबलाच्या मधोमध होतं, कारण त्या गावात रिकाम्या हाताने कुणी कुठे जात नाही, वाद घालायलासुद्धा. मागच्या ऑक्टोबरात मिनियापोलिसला जाणारं संध्याकाळचं विमान गावाबाहेरच्या बीटच्या शेतात कोसळलं. पंखांवर बर्फ धरलं होतं, असं चौकशीत निघालं. आतलं कुणीच वाचलं नाही. मार्लिसची धाकटी बहीण ग्वेन त्यात होती.

त्याच्या दोन दिवस आधी मार्लिसला ते स्वप्नात दिसलं होतं. सकाळी कॉफी पिताना तिने शेजारणीला ते सांगितलं, आणि अपघातानंतर शेजारणीने गावाला. तेव्हापासून चर्चच्या पायऱ्यांवर लोक तिला गाठत. आम्ही पुढच्या आठवड्यात मुलाकडे जाणार आहोत, तुम्हाला काही दिसलं का हो, असं हळूच विचारत. तीन पिढ्यांची ओळख असलेली माणसं तिच्याशी दबकून बोलू लागली होती. मंडळात येऊ का, असं तिने स्वतःच डोरीनला दुकानात विचारलं होतं. बाई आपल्याला पटवायला येतेय, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली.

तिने स्वप्न सांगितलं ते चार वाक्यांत. विमान बीटच्या शेतावरून खाली खाली आलं. आवाज नव्हता. खिडकीत ग्वेनचा हिरवा स्कार्फ दिसत होता. मग ते आडवं पडलेलं होतं आणि त्याचं एक चाक फिरत होतं.

डोरीन उभी राहिली. तिने नेहमीच्या शांतपणे एकेक मुद्दा मांडला. रोज रात्री कोट्यवधी माणसं स्वप्नं बघतात. त्यात विमानं पडतात, दात पडतात, परीक्षेचे पेपर कोरे राहतात. ज्यांचं खरं होत नाही ते न्याहारीपर्यंत विसरून जातात. ज्याचं एखाद्याचं जुळतं, त्याचं गावभर होतं. ग्वेन प्रवासाला निघणार हे मार्लिसला माहीत होतं, बर्फ पडेल असं रेडिओवर सांगत होते, आणि हिरवा स्कार्फ ग्वेन सगळा हिवाळा वापरायची. काळजीला झोपेत चित्र सापडलं, एवढंच. मार्लिस पुढे वाकून ऐकत होती आणि प्रत्येक मुद्द्याला किंचित मान हलवत होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग कर्टिस उठला. कोट्यवधी स्वप्नांचं आपल्याला काही करायचं नाही, तो म्हणाला, आपल्यापुढे एकच आहे, आणि ते घडण्याआधी सांगितलेलं आहे. ताप मोजायच्या आधी आईला लेकराच्या पावलांवरून कळतं की याला बरं नाही. त्याला आपण जादू म्हणत नाही. मनाला दिसतं त्यातलं थोडंच ते आपल्याला सांगतं. मार्लिसच्या मनाला काहीतरी दिसलं होतं. त्याला चाहूल म्हणा, अंदाज म्हणा, काहीही म्हणा, ती खबर होती आणि वेळेवर आलेली खबर होती. शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोरांसाठी आवाज चढवायचा तसा त्याने आवाज चढवला आणि वड्यांच्या भांड्याकडे हात केला.

"तुम्ही विचाराल, असल्या स्वप्नाचा उपयोग काय. उपयोग एका फोनाचा होता. तो फोन केला गेला असता, तर ग्वेन आज इथे बसून या वड्या खात असती."

काय बोललो हे कर्टिसला कळलं नाही. आपण जमवलं, एवढंच कळलं. मग एक चमचा वर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता बहुतेक सगळे. कोट पहिल्यांदाच जिंकला होता. लोकांनी टेबलं वाजवली. मार्लिस त्या चमच्यांकडे बघत राहिली. तिच्या बशीत चमचा होता. तिने तो उचलला आणि इतरांसारखाच वर धरला.

मग तिने आपला हिवाळी कोट अंगात घातला, सगळ्यांचे आभार मानले आणि ती निघून गेली.

भांडं तिथेच राहिलं. त्या गावातली बाई एक वेळ पर्स विसरेल, पण खाली नावाची पट्टी चिकटवलेलं आपलं भांडं विसरणार नाही. डोरीनने ते उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

"सर, त्या दिवशी दुकानात त्यांनी मला काय विचारलं माहितेय? तुम्ही लोक मला खोटं पाडाल ना, असं विचारलं. मला वाटलं टोमणा मारतायत."

कर्टिसचा एक हात कोटाबाहेर होता, एक बाहीत.

"टोमणा नव्हता तो," तो म्हणाला.

"नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भांडं धुऊन घेऊन गेला. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात दुकानातले डोनट ठेवले. बायको गेल्यापासून त्याच्या घरात ओव्हन पेटला नव्हता. मार्लिसने त्याला आत घेतलं, कॉफी ओतली, त्याचेच डोनट त्याच्यापुढे ठेवले. रस्त्यावर किती बर्फ साचलंय, नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी यंदा किती उशिरा येते, हे सगळं बोलून झालं. त्याशिवाय तिकडे कुणी मुद्द्यावर येत नाही.

मग त्याने कालचा आपला युक्तिवाद तिच्यासमोर मोडून दाखवला. आईला ताप कळतो तो लेकरू समोर असतं म्हणून. स्वप्नातल्या विमानाचं तसं नाही. खबर तेव्हाच खबर, जेव्हा ती खोट्या खबरांतून वेगळी ओळखता येते. काल त्याच्या अंगात कोट होता. तो खेळ होता. त्यातला एक शब्दही तो स्वतः मानत नाही. तो बराच वेळ बोलत होता. ती ऐकत होती, पण आज मान हलवत नव्हती.

"काल तुम्ही जिंकण्यासाठी बोलत होता," ती म्हणाली. "आज माझी कीव येऊन बोलताय. कुठलं जास्त खरं मानू मी?"

तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"डोरीनचं मला पटलं होतं हो. डोक्याला सगळं पटतं. रात्री पटत नाही." तिने भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. "फोन हातात घेतला होता मी. मग वाटलं, ग्वेन हसेल. लहानपणापासून हसायची ती मला, भित्री म्हणायची. म्हणून ठेवून दिला. बहीण हसेल म्हणून मी तिला मरू दिलं, कर्टिस. तेवढंच मला कुणीतरी खोटं पाडायला हवं होतं."

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. कर्टिसने डोनट उचलला आणि परत ठेवला. त्याला त्याची बायको जोन आठवली. शेवटच्या आजारात एका सकाळी तिने विचारलं होतं, आज जरा बरी दिसतेय ना मी? तो म्हणाला होता, नाही. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही, आणि या गोष्टीचा त्याला अभिमानही होता. जोन हसली होती. पण नंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मार्लिसला आणखी एक सांगायचं होतं. सोमवारी तिला परत स्वप्न पडलं होतं. ग्वेनची मुलगी टेसा मिनियापोलिसच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू होणार होती आणि तिचं शनिवारच्या विमानाचं तिकीट होतं. या वेळी मार्लिसने फोन केला. टेसा हसली नाही. तिने मुकाट्याने तिकीट रद्द केलं आणि बसचं काढलं.

"हसली असती तर बरं झालं असतं," मार्लिस म्हणाली. "आईसारखीच होती ती, कशालाही न घाबरणारी. आता जन्मभर माझ्या झोपेला विचारून प्रवास करणार पोरगी."

कर्टिसने कॉफी संपवली.

"शनिवारच्या त्या विमानाने मी जातो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कर्टिस टोलेफसन विमानात बसत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला तो दोन दिवस गाडी हाकत ॲरिझोनाला गेला होता. आपल्याला जमीन बघत जायला आवडतं, असं तो सांगे. जमीन सोडायला आवडत नाही, हा त्यातला खरा भाग होता.

"तुम्ही सुखरूप उतरलात म्हणून काय सिद्ध होणार? तुम्हीच म्हणाल, एका उदाहरणाने काही ठरत नाही."

"नाही ठरत."

"मग?"

"मग काही नाही. उतरलो की फोन करीन."

शुक्रवारी रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. अंथरुणावर पडणंच त्याने टाळलं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून तो अपघातांची शक्यता पुन्हा पुन्हा काढत राहिला. उत्तर दर वेळी तेच येई, नगण्य, आणि दर वेळी हाताला घाम फुटे. विमानाला घाबरणाऱ्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या भीतीची गणितं सोडवावीत, ही गंमत त्याची त्यालाच कळत होती. खिडकीबाहेर उजाडलं तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्याने दाढी केली आणि तो निघाला.

विमानतळ म्हणजे एक लांबोडकी खोली. खिडकीमागची मुलगी त्याच्या बीजगणिताच्या वर्गातली निघाली.

"सर, तुम्ही? आणि विमानाने?"

"तुझ्यावर भरवसा ठेवून."

"मी फक्त सामान मोजते, सर."

मार्लिस कुंपणापाशी उभी होती. वाऱ्यात उभं राहू नका, असं सांगायला तो गेला होता. पण त्याने फक्त टोपीला हात लावला. विमान अगदी छोटं होतं, बाहेर दोन पंखे. मधून वाकून जावं लागत होतं. पट्टा आवळल्यावर हे विमान पडणार असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं. अशा वाटण्याला काही अर्थ नसतो हे त्याच्याइतकं त्या गावात कुणीच जाणत नव्हतं. ते जाणूनही वाटायचं थांबत नव्हतं. रात्री पटत नाही, म्हणजे काय, हे त्याला आत्ता भर दिवसा कळलं. त्याने डोळे मिटले आणि मूळ संख्या मोजायला घेतल्या. ढगात धक्के बसले तेव्हा तो दोनदा चुकला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

विमान मिनियापोलिसला उतरलं, जसं ते रोज उतरतं. लोक उठले, डोक्यावरच्या पिशव्या काढू लागले. कर्टिस सगळ्यात शेवटी खाली आला. तिथल्या एका बाकावर बसून त्याने फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"उतरलो."

"देवाची कृपा. बरं वाटलं, कर्टिस. खरंच. पण तुम्हाला माहितेय ना, त्याने काही बदलत नाही. हे नाही पडलं. ते पडलं होतं."

"माहितेय."

बोलणं तिथे संपायला हवं होतं. जे करीन म्हणाला होता ते त्याने केलं होतं. पुढे बोलण्यासारखं खरं असं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. समोरून एक बाई झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"मार्लिस, एक सांगायचं राहिलं. काल रात्री मलाही स्वप्न पडलं."

"कसलं?"

"याच विमानाचं. पडलं. डावा पंख आधी टेकला. माझ्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि मी ती बांधायला खाली वाकलो होतो. इतकं लख्ख दिसलं."

"आणि तरी तुम्ही बसलात?"

"तिकीट रद्द करायला फोन हातात घेतला होता. मग वाटलं, खिडकीवरची पोरगी हसेल. माझी विद्यार्थिनी आहे ती. गणिताचे सर स्वप्नाला घाबरले म्हणून गावभर करेल. म्हणून ठेवून दिला."

मग मार्लिस रडायला लागली. ऑक्टोबरपासून अडलेलं रडणं असावं ते. कर्टिसने फोन कानाला धरून ठेवला. तिला गप्प करायचा प्रयत्न त्याने केला नाही.

"कुणीही ठेवूनच दिला असता, नाही का," शेवटी ती म्हणाली.

"कुणीही."

"हसली असती ती पोरगी."

"गावभर केलं असतं."

"ग्वेननेही," मार्लिस म्हणाली, आणि रडता रडताच तिच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला.

परत येताना कर्टिस बसने आला. सबंध दिवस गेला, रस्ता बर्फाने निसरडा होता, आणि विमानापेक्षा बसलाच अपघाताची शक्यता कितीतरी जास्त आहे हे त्याला तोंडपाठ होतं. तो सगळा वेळ गाढ झोपला.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी मंडळ पुन्हा जमलं. विषय होता कुठल्याशा तळ्यातल्या राक्षसी माशाचा. मार्लिस येईल म्हणून डोरीनने दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवली होती, पण ती आली नाही. टेसाकडे गेलीय आठवडाभर, डोरीनने सांगितलं. औषधं न्यायला दुकानात आली होती. नेहमीच्या झोपेच्या गोळ्या मात्र नको म्हणाली.

"एवढ्या बर्फात बस मिळाली त्यांना?" कुणीतरी विचारलं.

"विमानाने गेल्या."

टेबलाभोवतीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. कर्टिस उठून खुंटीकडे गेला, त्याने जांभळा कोट काढला आणि एकेक हात बाहीत घालू लागला.

"सर, आज पाळी तुमची नाही," डोरीन म्हणाली.

"माझीच आहे."

"मागच्या वेळी तर तुम्ही घातला होता. नियमाने..."

"नियमानेच घालतोय."

डोरीन काही विचारणार होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं, आणि उठून त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली. कर्टिसने कोटाचं बटण लावून पाहिलं. ते अजूनही लागत नव्हतं.